रक्ताची साक्ष

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्टेशनात उभी राहिली, की पुष्कळदा तिच्या मागील बाजूस जादा इंजिने जोडण्यात येतात. उल्हास नदीच्या काठी, कर्जतला लागूनच वसलेल्या दहिवलीच्या रहिवाशास हे दृश्य नित्याचे आहे. पुढे बोरघाटाची चढण लागते. सदतीस फुटांच्या अंतरात एक फूट वर, इतकी ती खडी आहे. सन १८६३ मध्ये हा घाट आगगाडीस खुला झाला, तेव्हापासून घाटाने गाड्यांकडून हा जादा जोराचा कर वसूल केलेला आहे. गाडी तीच, डबे तेच, उतारूही तेच. परंतु वाट बिकट झाली म्हणजे जोर वाढवावाच लागतो.

मनुष्याच्या छातीतही उतारवयात असाच एक घाट उभा राहतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त ज्या मोठ्या नळीवाटे सर्व शरीरास जाते, तिला महारोहिणी म्हणतात. तिच्या मुखाशी तीन पातळ पाकळ्यांची एक झडप असते. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ती उघडते आणि मिटते. निरोगी स्थितीत तिचे दार तीन ते चार चौरस सेंटिमीटर इतके उघडते. काही माणसांत वाढत्या वयाबरोबर या पाकळ्या जाड होतात, ताठरतात, त्यांवर चुन्याचे खडे धरतात आणि दार आकसू लागते. ते एक चौरस सेंटिमीटरहूनही लहान झाले, म्हणजे रोग गंभीर झाला असे वैद्यकशास्त्र मानते. अशा अरुंद दारातून रक्त लोटण्यासाठी हृदयाचा स्नायू स्वतःच जाड होतो. कर्जतच्या गाडीस जादा इंजिन मिळते आणि घाट संपला की ते सोडूनही देता येते. हृदयास दुसरे इंजिन नाही, आणि त्याच्या वाटेवर लोणावळेही येत नाही.

या रोगाचा सर्वांत फसवा गुण म्हणजे त्याचे मौन. दार अर्धेअधिक मिटेपर्यंत मनुष्यास काही जाणवत नाही. पुढे चढणीवर धाप लागते, छातीत कळ येते, एखादे वेळी भोवळ येऊन तो खाली पडतो. घरची माणसे म्हणतात, ‘आता वयच झाले.’ आणि येथेच घात होतो. कारण ही लक्षणे दिसू लागल्यावर उपाय झाला नाही, तर पुढचे आयुष्य बहुधा दोन ते पाच वर्षांच्या हिशेबात मोजावे लागते. म्हणून प्रश्न असा उभा राहिला, की झडप बोलत नसेल तर तिच्यावाचून दुसरे कोणी बोलेल काय? सर्व शरीरभर फिरणारे, झडपेस क्षणोक्षणी स्पर्श करून जाणारे रक्त तिच्याविषयी आगाऊ साक्ष देईल काय? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईतून जातो.

सन १८५८ मध्ये लंडनला ‘ग्रे’ज अ‍ॅनाटॉमी’ या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेला शारीरशास्त्राचा ग्रंथ बाहेर पडला. त्यातील ३६३ आकृत्या काढणारे तरुण डॉक्टर हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे होते. हृदयाचे कप्पे आणि त्यांच्या झडपा ज्या हाताने रेखाटल्या, तो हात ग्रंथ प्रसिद्ध होईपर्यंत मुंबईस येऊन पोहोचला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. कार्टर शारीरशास्त्र शिकवू लागले. मध्यंतरी काही वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पुष्कळ रोगांचा अभ्यास केला. त्यांपैकी दोन कामांचा प्रस्तुत विषयाशी निकटचा संबंध पोहोचतो.

पहिले काम मुतखड्यांसंबंधीचे. सन १८७३ मध्ये त्यांनी मूत्रमार्गातील खड्यांच्या सूक्ष्म रचनेवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. खारट पाणी आटले म्हणजे भांड्याच्या तळाशी क्षार बसतो, तसाच शरीरातला खडाही बनत असावा, अशी समजूत कोणाचीही होईल. कार्टर यांच्या प्रतिपादनाचा रोख निराळा होता. शरीरातील चिकट, सजीवोद्भव द्रव्याच्या आश्रयाने क्षार विशिष्ट आकार घेतात, त्याचे थर बनतात आणि मग खडा वाढतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे शरीरातला दगड हा नुसता गाळ नव्हे, त्याच्या घडणीत शरीराचाही हात असतो. हृदयाच्या झडपेविषयी हीच गोष्ट उमगण्यास पुढे सव्वाशे वर्षे जावी लागली.

दुसरे काम रक्ताचे. सन १८७७ मध्ये दुष्काळाने गांजलेली माणसे मुंबईत लोटली आणि त्यांच्यात उलटून उलटून येणाऱ्या एका तापाची साथ पसरली. या रुग्णांच्या रक्ताचा थेंब भिंगाखाली धरला असता कार्टर यांस त्यात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू दिसले. बर्लिन येथे ओबरमायर यांनी १८७३ मध्ये जाहीर केलेले ते हेच जंतू. ताप चढला की जंतू दिसत, ताप उतरला की नाहीसे होत. परंतु एवढ्यावर कार्टर थांबले नाहीत. रुग्णाचे रक्त माकडांस टोचून त्यांनाही तोच ताप येतो, हे त्यांनी दाखविले. रक्तातील चिन्ह हेच रोगाचे कारण आहे, हे येथे सिद्ध झाले.

या उदाहरणाने एक मोठी आशा आणि तितकाच मोठा मोह जन्मास घातला. रक्तात काही आढळले, की तेच रोगाचे मूळ, असे समजण्याचा हा मोह होय. वास्तविक रक्तातील साक्षीदार तीन प्रकारचे असतात. एक, ज्याने कृत्य केले तो स्वतः. दुसरा, कृत्य घडले त्या वेळी नुसता जवळ उभा असलेला. तिसरा, कृत्य घडून गेल्यावर आरडाओरडा करणारा. कार्टर यांस पहिल्या प्रकारचा साक्षीदार सापडला होता. झडपेवरील चुन्याच्या शोधात मात्र हे तिन्ही एकमेकांत असे मिसळले, की त्यांस वेगळे काढण्यात एक शतक खर्ची पडले.

झडपेवर चुना धरतो ही गोष्ट शवविच्छेदन करणाऱ्यांस फार पूर्वीपासून ठाऊक होती. सन १८१६ मध्ये फ्रान्सच्या लायनेक यांनी स्टेथॉस्कोप शोधून काढला, तेव्हा अरुंद दारातून जाणाऱ्या रक्ताचा खरखरीत आवाज जिवंत माणसाच्या छातीत ऐकण्याची सोय झाली. सन १९०४ मध्ये जर्मन रोगशास्त्रज्ञ म्योंकेबर्ग यांनी महारोहिणीच्या झडपेच्या या काठिण्याचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर फार मोठ्या काळपर्यंत वैद्यकजगताची समजूत अशी राहिली, की ही केवळ झीज आहे. दार वर्षानुवर्षे उघडले-मिटले, बिजागरी झिजली, तीवर कीट चढले. वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरच्या आत पाण्यातील क्षारांचा थर जमत असे आणि तो खरवडून काढावा लागे; झडपेचेही तसेच समजले गेले. ज्यास कारणच नाही, त्याचे आगाऊ चिन्ह तरी रक्तात कशास शोधावे?

शिवाय आपल्याकडे त्या काळी हृदयाची झडप बिघडली म्हणजे बहुधा निराळ्याच रोगाचे नाव पुढे येई. लहानपणी घसा सुजतो. त्यातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंविरुद्ध शरीर लढू लागते. दोन ते चार आठवड्यांनी सांधे सुजून ताप येतो, आणि या लढाईत हृदयाच्या झडपाही घायाळ होतात. हा संधिज्वर, म्हणजेच रुमॅटिक फीव्हर, दाटीच्या वस्तीत आणि दारिद्र्यात फोफावतो. त्याने बहुधा आतली द्विदल झडप, जिला मायट्रल म्हणतात, ती जुळून आकसते आणि कालांतराने तीवरही चुना धरतो. परळचे किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय आणि त्यासोबतचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. याच रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आकसलेल्या मायट्रल झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनीच भारतातील पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. तथापि परळचे नाव त्या दिवसापासून हृदयाच्या शस्त्रक्रियेशी कायमचे जोडले गेले. कर्जतहून मुंबईपर्यंतचे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. घाटाखालच्या गावांस मोठ्या दवाखान्याचा रस्ता म्हणजे ही आगगाडीच होय.

या संधिज्वराच्या बाबतीत रक्ताने चांगली साक्ष दिली. रक्त नळीत उभे ठेवले असता त्यातील तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात, हे मोजण्याची रीत १९२० च्या सुमारास रूढ झाली. सन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांस तीव्र आजाराच्या काळात रक्तात वाढणारे एक द्रव्य आढळले. तेच आज सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन या नावाने घरोघरच्या रिपोर्टात दिसते. सन १९३२ मध्ये टॉड यांनी स्ट्रेप्टोकॉकसाविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिकाराचे मोजमाप रक्तात करण्याची रीत शोधली. सन १९४४ मध्ये अमेरिकन वैद्य डकेट जोन्स यांनी संधिज्वर ओळखण्याचे नियम घालून दिले, आणि त्यांत अशा रक्ततपासणीस स्थान मिळाले. तपासणीने रोग ओळखावा, पेनिसिलीन द्यावे, पुढे वर्षानुवर्षे ठराविक अंतराने इंजेक्शन देऊन पुन्हा हल्ला होऊ देऊ नये आणि झडप वाचवावी, असा हा सरळ मार्ग होता. येथे साक्ष, कारण आणि उपाय हे तिन्ही एका दोरीत ओवले गेले. वार्धक्यातील चुन्याच्या झडपेने मात्र ही दोरी तोडून टाकली.

तिच्या तपासास जे हत्यार लागले, ते रसायनशाळेत तयार झाले, आणि त्यात एका भारतीयाचा हात होता. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले आणि मद्रासेस वैद्यकी शिकलेले यल्लाप्रगडा सुब्बराव अमेरिकेत हार्वर्ड येथे गेले. सायरस फिस्क यांच्यासह त्यांनी १९२५ मध्ये रक्तातील व मूत्रातील फॉस्फरस मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. थोड्या रक्तावर काही द्रव्यांची क्रिया करावयाची, की त्यास निळा रंग येतो. फॉस्फरस जितका अधिक, तितका रंग गडद. रंगाची खोली ताडून पाहिली की प्रमाण कळते. इतकी सुलभ रीत हाती आल्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत ती ‘फिस्क-सुब्बराव पद्धती’ या नावाने वापरली गेली.

फॉस्फरसाचा झडपेशी संबंध असा. झडपेवर जो चुना म्हणतात, तो पानाच्या डब्यातला नव्हे. तो मुख्यत्वे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा बनलेला, म्हणजे आपल्या हाडांचाच सगोत्र असतो. मूत्रपिंडे निकामी झाली की फॉस्फेट शरीराबाहेर पडत नाही, रक्तात साठते, आणि अशा रुग्णांच्या झडपा इतरांहून लौकर कठीण होतात. ज्यांची मूत्रपिंडे धड आहेत अशा वृद्धांतही ज्यांचे फॉस्फेट वरच्या अंगास होते, त्यांच्या झडपांवर चुना अधिक प्रमाणात आढळल्याचे पुढे नमूद झाले. परंतु रक्तातील कॅल्शियमचे माप या रुग्णांत बहुधा साधारणच असते. केवळ त्या आकड्यावरून झडपेचे भाकीत करू पाहणारा मनुष्य चुकेल, हे घराघरांतून लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा संशयित कोलेस्टेरॉल. सन १९१३ मध्ये रशियातील अनिच्कोव्ह यांनी सशांस कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर आणून दाखविले होते. तरीही झडप ही झिजते, एवढेच मानले जात असल्यामुळे तिच्याकडे या दृष्टीने फार कोणी पाहिले नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील डॉ. कॅथरीन ऑटो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये आरंभीच्या अवस्थेतील झडपांचे सूक्ष्म परीक्षण प्रसिद्ध केले, आणि जुन्या समजुतीस तडा गेला. चुना पुरता धरण्याच्या आधीच त्या पाकळ्यांत मेदयुक्त प्रथिने शिरलेली होती, दाह करणाऱ्या पेशी गोळा झालेल्या होत्या. ही झीज नव्हे, हा चालता रोग होता. सन १९९७ मध्ये पासष्ट वर्षांवरील ५,२०१ अमेरिकन स्त्रीपुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष बाहेर आले. त्यांपैकी २६ टक्क्यांच्या झडपा जाड झाल्या होत्या आणि २ टक्क्यांचे दार आकसले होते. वय, पुरुषत्व, रक्तदाब आणि धूम्रपान यांच्याबरोबर रक्तातील दोन द्रव्यांचे नाव त्या यादीत आले. एक घातक म्हणून ओळखले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल, आणि दुसरे लायपोप्रोटीन-ए नावाचे, सामान्य डॉक्टरांच्याही फारशा परिचयाचे नसलेले द्रव्य.

सन २००१ मध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. शस्त्रक्रियेत काढलेल्या ३४७ झडपांची तपासणी केली असता त्यांपैकी १३ टक्क्यांत खरेखुरे, थरांनी बनलेले हाड आढळले. म्हणजे झडपेतील पेशी हाड घडविणाऱ्या पेशींचा धर्म स्वीकारत होत्या. शरीरातला दगड हा नुसता गाळ नव्हे, ही कार्टर यांची मुतखड्यांवरून आलेली दृष्टी येथे नव्या रूपाने प्रत्ययास आली. बॉयलरची उपमा कायमची बाद झाली.

आता मोठी आशा उत्पन्न झाली. एलडीएल जर साक्षीदार आहे, तर तोच गुन्हेगार असला पाहिजे. ते उतरविणारी स्टॅटिन औषधे तर हाताशी आहेत. मग झडप वाचलीच! दोन-तीन लहान पाहण्यांनी या आशेस दुजोराही दिला. परंतु खरी कसोटी निराळी असते. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे, एकास औषध आणि दुसऱ्यास औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी द्यावी, आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. एडिंबरो येथील अशा कसोटीचा निकाल २००५ मध्ये लागला. उत्तर युरोपातील १,८७३ रुग्णांवरील मोठ्या कसोटीचा निकाल २००८ मध्ये आला. कॅनडातील कसोटीचा २०१० मध्ये. तिन्ही ठिकाणी रक्तातील कोलेस्टेरॉल चांगले उतरले. झडप मात्र आपल्या गतीने कठीण होतच राहिली.

या पराभवाचे मोल मोठे आहे. रोगाच्या आरंभास जे कारण होते, ते रोग चालू झाल्यावर काढून घेतले तरी रोग थांबेलच असे नाही; काडीने पेटलेली गंजी काडी विझविल्याने विझत नाही. एलडीएलचा भाग आरंभी असू शकेल, परंतु हाड घडू लागल्यावर त्याचा अंमल संपतो, असे आता मानतात. कोणी असे मात्र समजू नये, की ती औषधे निरुपयोगी ठरली. हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांचे रक्षण त्यांनी होतेच, आणि झडपेच्या अनेक रुग्णांस त्याचीही गरज असते. प्रश्न फक्त झडपेचा होता, आणि त्या प्रश्नास आलेले उत्तर नकाराचे होते.

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनचीही हीच गत झाली. झडप आकसलेल्या रुग्णांत ते वाढलेले आढळल्याचे काहींनी लिहिले. तथापि वर उल्लेखिलेल्या अमेरिकन वृद्धांचा दीर्घकाळ मागोवा घेतला असता, झडपेचा रोग वाढेल की नाही हे त्यावरून सांगता येत नाही, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार. आपले पूर्वज यास काकतालीय न्याय म्हणत. विज्ञानास तो न्याय प्रत्येक पिढीत नव्याने शिकावा लागतो.

मग राहिला तो दुर्लक्षित साक्षीदार, लायपोप्रोटीन-ए. सन १९६३ मध्ये नॉर्वेतील ऑस्लो येथे कोरे बेर्ग माणसामाणसांच्या रक्तातील भेद तपासत होते. मानवी रक्तातील मेदयुक्त प्रथिने सशांस टोचून तयार केलेल्या द्रवाने त्यांस काहींच्या रक्तात एक निराळे द्रव्य दाखविले; काहींच्या रक्तात ते दिसेना. पुढे कळले, की ते बहुतेक सर्वांत असते, परंतु प्रमाणात मोठे अंतर असते. हे प्रमाण आहाराने, व्यायामाने वा उपासाने फारसे हलत नाही. ते मुख्यत्वे आईबापांकडून वारशाने येते आणि लहानपणापासून जन्मभर बहुधा तसेच राहते.

वारशाने येणारी गोष्ट कसोटीच्या दृष्टीने फार उपयोगी असते. कारण येथे चिठ्ठ्या निसर्गानेच जन्माच्या वेळी टाकून ठेवलेल्या असतात. कोणास हे द्रव्य वाढविणारा आनुवंशिक घटक मिळाला आणि कोणास नाही, हे त्याच्या पुढील आयुष्यातील रोगाने, वयाने वा सवयीने ठरलेले नसते. सन २०१३ मध्ये कित्येक हजार माणसांच्या हृदयांची क्ष-किरण छायाचित्रे आणि त्यांचा वारसा यांचा मेळ घालण्यात आला. ज्यांच्यात लायपोप्रोटीन-ए वाढविणारा घटक होता, त्यांच्या झडपेवर चुना असण्याचा संभव सुमारे दुप्पट निघाला. पुढील वर्षी कोपनहेगनच्या पाहणीत असे दिसले, की ज्यांच्या रक्तात हे द्रव्य सर्वाधिक होते, अशा पाच टक्के लोकांत झडप आकसण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होता. माकडांस रक्त टोचून कार्टर यांनी जे सिद्ध केले, ते येथे निसर्गाने टाकलेल्या चिठ्ठ्यांवरून सिद्ध झाले. हा साक्षीदार नुसता जवळ उभा नव्हता. कृत्यात त्याचा हात होता.

दक्षिण आशियातील लोकांत या द्रव्याचे सरासरी प्रमाण युरोपीयांपेक्षा काहीसे अधिक आढळते, म्हणून मराठी घरांनाही हा विषय परका नाही. युरोपातील तज्ज्ञमंडळींनी २०१९ मध्ये सल्ला दिला, की प्रत्येक प्रौढ माणसाने आयुष्यात निदान एकदा हे माप करून घ्यावे. वारशाची गोष्ट असल्यामुळे ते बहुधा वारंवार करावे लागत नाही. मात्र येथेही साक्षीची मर्यादा ओळखावयास हवी. हे द्रव्य अधिक असूनही जन्मभर झडप निर्दोष राहिलेली माणसे असंख्य आहेत. आणि ते अल्प असूनही झडप दगड झालेली माणसे आहेत. जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असलेली झडप शंभरात एक-दोघांस असते, आणि अशांत चुना लौकर धरतो. त्याचा थांग रक्तास कोठून लागणार? शिवाय हे द्रव्य उतरविले असता झडप वाचते, असे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. ते उतरविणाऱ्या नव्या औषधाची पहिली मोठी कसोटी २०१९ च्या अखेरीस सुरू झाली, तीही झटक्यासारख्या हृदयविकारांसाठी. एकदा कोलेस्टेरॉलने फसविलेल्या वैद्यकाने या वेळी घाई केलेली नाही, हे योग्यच होय.

तिसऱ्या प्रकारचा, आरडाओरडा करणारा साक्षीदारही येथे आहे. सन १९८८ मध्ये जपानी संशोधकांस डुकराच्या मेंदूत एक द्रव्य सापडले. पुढे उमगले, की ते मुख्यत्वे ताण पडलेले हृदयच रक्तात सोडते. बीएनपी या नावाने त्याची तपासणी होते. झडपेवर चुना का धरला, हे ते सांगत नाही. परंतु घाट चढता चढता इंजिन थकू लागले आहे, एवढे ते सांगते. झडप फार आकसूनही ज्यास काही त्रास जाणवत नाही, अशा रुग्णाची शस्त्रक्रिया केव्हा करावी हे ठरविताना डॉक्टर त्याचा विचार करतात.

येणेप्रमाणे शंभर वर्षांच्या उलटतपासणीनंतर रक्ताची साक्ष कोठे ग्राह्य आणि कोठे नाही, हे पुष्कळसे स्पष्ट झाले आहे. झडप आज कशी आहे, याचा निवाडा मात्र रक्त करीत नाही. तो स्टेथॉस्कोप सुचवितो आणि ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढणारी इको तपासणी करते. स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी तिचा आरंभ १९५३ मध्ये केला. चुना विरघळविणारे औषध अद्याप नाही. उपाय आहे तो झडप बदलण्याचा. महारोहिणीच्या झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसविण्यास १९६० मध्ये आरंभ झाला. छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळीवाटे नवी झडप नेऊन बसविण्याची रीत फ्रान्समध्ये क्रिबिए यांनी २००२ मध्ये प्रथम अमलात आणली. उपाय इतका प्रभावी असताना ‘वय झाले’ या दोन शब्दांपायी मनुष्य गमवावा, ही खरी शोकान्तिका होय.

छापील आकड्यांचा कागद हाती आला की सुशिक्षित कुटुंबासही दोन टोकांचे मोह होतात. आकडा वाढलेला दिसला की धीर सुटतो. सर्व आकडे ठीक दिसले की धाप लागणाऱ्या वडिलांस निश्चिंतपणे सांगण्यात येते, ‘रिपोर्ट चांगले आहेत, काही नाही तुम्हांला.’ यांपैकी दुसरा मोह अधिक घातक. सर्व रक्त निर्दोष असूनही झडपेचे दार मिटत आलेले असू शकते. दहिवलीहून पूल ओलांडून स्टेशनाकडे जाताना जो वृद्ध पूर्वी थांबत नसे आणि आता दोनदा थांबतो, त्याचे ते थांबणे हीच पहिली साक्ष होय. ती घरच्यांनी ऐकावी, गावच्या डॉक्टरकडून छातीस नळी लावून घ्यावी, आणि खरखर ऐकू आली तर विलंब न करता पुढची तपासणी करावी. रक्ताचा कागद सोबत असू द्यावा; पण त्या माणसाच्या श्वासाकडे दुर्लक्ष करून केवळ त्या कागदावर भिस्त ठेवू नये.